यरीहोच्या वाटेवरील दुसरा जखमी

दयाळू शोमरोन्याचा दृष्टांत आम्ही गेली सत्तावीस वर्षे वेदीजवळून समजावून सांगत आलो आहोत. याजक टाळून गेला, लेवी टाळून गेला. परका शोमरोनी मात्र थांबला. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, जखमीस आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले आणि मालकाच्या हाती दोन दिनार ठेवले. ह्या कथेतून काय घ्यावे ह्याविषयी आमच्या मनात कधी शंका उद्भवली नव्हती. थांबावे, एवढाच तिचा अर्थ आहे, असे आम्ही मानीत होतो.

काही वर्षांपूर्वी प्रायश्चित्तकाळात परिचारिकांसाठी एक दिवसाचे चिंतनशिबिर भरले होते. त्या दिवशी आम्ही हाच दृष्टांत निवडला. शेवटी प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास राखून ठेवला होता. एका मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत वीसेक वर्षे काढलेल्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "फादर, दृष्टांतातल्या वाटेवर जखमी एकच आहे. आमच्याकडे पावसाळ्यातल्या शनिवारी रात्री एका वेळी अकरा असतात. शोमरोन्याला दुसरा जखमी दिसला असता, तर त्याने काय केलं असतं?"

आम्ही काहीतरी उत्तर दिले. प्रार्थनेतून बळ मिळते, देव प्रत्येकाची काळजी वाहतो, अशा आशयाचे ते होते. बाई "थँक यू, फादर" म्हणून नम्रपणे खाली बसल्या. आपल्याला उत्तर मिळाले नाही हे त्यांना कळले होते, आणि आपण ते दिले नाही हे आम्हांलाही.

प्रश्न साधा दिसतो, पण तो आपल्या नीतिविचाराच्या मुळाशी जातो. जनावर एक आणि जखमी दोन, अशी स्थिती असेल तर केवळ दयाळू असून भागत नाही. दयेला निवड करावी लागते. आणि निवड करताच दयाळू माणूससुद्धा कोणाला तरी वाटेवर ठेवून पुढे जातो. मग त्या क्षणी तो याजकापेक्षा आणि लेव्यापेक्षा वेगळा कसा राहतो?

रुग्णालयांत ह्या निवडीला ट्रायेज म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच. वेगळे काढणे, निवडणे ह्या अर्थाच्या क्रियापदावरून तो आला आहे. मराठीत 'प्रतवारी' हा प्रतिशब्द सुचतो खरा, पण तो आम्हांला रुचत नाही. आमच्या वसईच्या वाड्यांत केळ्यांची, फुलांची प्रतवारी होते, तेव्हा उत्तम माल बाजारासाठी वेगळा काढतात, दुय्यम वेगळा ठेवतात आणि डागी माल घरी राहतो. रुग्णांची निवड ह्याच्या अगदी उलट आहे. तेथे डागी तो प्रथम. मालाची प्रत त्याच्या मोलावरून ठरते. येथे मोल सर्वांचे सारखेच धरलेले असते आणि क्रम लागतो तो केवळ गरजेवरून.

हा उलटा क्रम माणसाला सहज सुचलेला नाही. युद्धभूमीवर प्रथम अधिकारी उचलायचे आणि शिपाई पडून राहायचे, अशीच रीत पूर्वी असे. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक डोमिनिक जाँ लारे (१७६६–१८४२) ह्याने घोड्यांच्या हलक्या, वेगवान गाड्या रणांगणात नेऊन जखमी उचलण्याची व्यवस्था केली आणि नियम घालून दिला, की ज्याची जखम अधिक धोक्याची त्यावर प्रथम उपचार. हुद्दा पाहावयाचा नाही. सम्राटाच्या सैन्यात, जेथे सर्व काही हुद्द्यावर चालते, तेथे हा नियम जन्मावा ह्याचे आम्हांला नेहमी नवल वाटते.

आता कॅज्युअल्टीच्या टेबलाशी प्रत्यक्ष काय घडते ते पाहावे. आपल्याकडे परिचारिकेला 'सिस्टर' म्हणतात. धर्मभगिनींच्या मठांतून रुग्णालयात आलेला हा शब्द आता सर्व धर्मांच्या परिचारिकांचा झाला आहे. इतका की पुरुष परिचारकासही ओघाने 'ब्रदर' म्हटले जाते. तर ही सिस्टर दारातून येणाऱ्याकडे पाहते आणि एकदोन मिनिटांत पुष्कळ काही वाचते. माणूस पूर्ण वाक्य बोलतो की दोन शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबतो? ओठांचा रंग कसा आहे? हात ऊबदार आहे की गार व घामेजलेला? नाव विचारल्यावर नीट सांगतो का? नख दाबून सोडले तर पांढरेपणा दोन सेकंदांत जातो की रेंगाळतो? नाडी, रक्तदाब, श्वासाची गती, बोटाला लावलेल्या यंत्रावर प्राणवायूचा आकडा, हे सारे ती पाहते. छातीत दुखत असल्याची तक्रार असेल तर आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे, असा दंडक आहे. त्यातही मधुमेह असलेली माणसे, वयस्कर स्त्रिया ह्यांच्या बाबतीत हृदयविकार छातीत न दुखताही येतो. जबडा दुखतो, मळमळते, थकवा वाटतो. आणि ती माणसे 'पित्त झालं असेल' म्हणून गप्प बसून राहतात. "फादर, जो ओरडतो त्याचा श्वास चाललेला असतो," असे त्याच बाईंनी आम्हांला नंतर एकदा सांगितले. "मी आधी गप्प बसलेल्यांकडे बघते."

बाहेर बसलेल्या माणसाला ह्यातले काहीच दिसत नाही. त्याला एवढेच दिसते की आपण नऊ वाजता आलो, तो दहाला आला आणि आत गेला. रांग ही आपल्या समाजात उरलेल्या थोड्या समतांपैकी एक आहे. रेशनच्या दुकानात, तिकिटाच्या खिडकीवर जो आधी आला तो आधी, हे न्यायाचे रूप लहान मुलालाही कळते. कॅज्युअल्टीत ती रांग मोडते आणि माणसाला अन्याय झाल्यासारखे वाटते. डॉक्टर व परिचारिका ह्यांना मारहाण होण्याचे प्रकार इतके वाढले की महाराष्ट्राला २०१० साली त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. मारणाऱ्यांची बाजू घेण्याचा आमचा हेतू नाही. पण रांग का मोडली हे कोणी सांगितले नाही, म्हणून संताप चढत गेलेली माणसे आम्ही पाहिली आहेत; आणि रांग मोडण्याचे आणखीही एक कारण असते, हे त्या माणसांना पक्के ठाऊक असते. ते कारण म्हणजे ओळख.

येथे आम्हांस स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्यात, रात्री साडेअकराच्या सुमारास आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाचा फोन आला. त्याचे वडील न्हाणीघरात पाय घसरून पडले होते. त्यांना एका मोठ्या रुग्णालयात नेले होते आणि तासभर झाला तरी डॉक्टर आले नव्हते. आम्ही झगा चढवला, रुग्णाभ्यंगाच्या तेलाची कुपी खिशात टाकली आणि भर पावसात निघालो. वृद्धांवर आमचा लोभ होता. चर्चच्या गायकमंडळात त्यांनी चाळीस वर्षे काढली होती.

ते स्ट्रेचरवर कण्हत होते. एक पाय आखूड झालेला आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले. टेबलाशी एक तरुण सिस्टर होती. दुसरी आत पडद्यामागे, टेंपोच्या धडकेने डोक्याला मार लागलेल्या एका मुलापाशी. डॉक्टर एकच. आम्ही चौकशी केली तेव्हा ती म्हणाली, "फादर, बाबांना मी बघितलंय. खुब्याचं हाड मोडलेलं वाटतंय. पायाची नाडी लागतेय, बोटं गरम आहेत, बीपी चांगलं आहे. दुखणं कमी करायला इंजेक्शन डॉक्टरांकडून लिहून घेते. पण जरा थांबावं लागेल." हे बोलतानाच ती ईसीजीच्या यंत्राची ढकलगाडी भिंतीजवळून ओढत होती. बाकाच्या टोकाला नऊवारीतील एक वृद्धा बसली होती. जवळ सोळासतरा वर्षांचा नातू, हातात केसपेपर. म्हातारीने हाताचा तळवा जबड्याशी धरला होता. कण्हणे नाही, ओरडणे नाही. बाहेर गारठा होता आणि तिच्या कपाळावर घाम होता. हा घाम आम्ही पाहिला, पण त्याचा अर्थ आम्हांला नंतर कळला.

रुग्णालयाचे प्रमुख आमच्या परिचयाचे होते. त्यांच्या मुलीच्या शाळाप्रवेशाच्या वेळी आमची भेट झाली होती. आम्ही बाहेर पडवीत जाऊन त्यांना फोन लावला. दोनच मिनिटांनी टेबलावरचा फोन वाजला. सिस्टरने तो घेतला, "हो सर" असे दोनदा म्हटले, आणि ढकलगाडी जिथल्या तिथे सोडून ती डॉक्टरांना बोलवायला आत गेली. डॉक्टर आले. आमच्या वृद्धांना तपासले, एक्स-रेचा कागद लिहिला, इंजेक्शन सांगितले, पायाला आधाराची फळी बांधायला सिस्टरला थांबवून घेतले. आमचे समाधान झाले. 'थोडे बोलले की कामे होतात' असे आम्ही त्या तरुणाला म्हणालोही. ह्या सगळ्यात सुमारे वीस मिनिटे गेली.

त्यानंतर सिस्टर ढकलगाडी घेऊन बाकाशी गेली, आणि ती तारा लावत असतानाच म्हातारी बाजूला कलंडली.

पुढचे आम्ही भिंतीशी उभे राहून पाहिले. तिला आत नेले, छाती दाबणे सुरू झाले. सिस्टर दाबत होती, ती थकली की वॉर्डबॉय, मग पुन्हा सिस्टर. पडद्याखालून त्यांचे पाय दिसत होते. नातू केसपेपर धरून मध्येच उभा होता. म्हातारी आमच्या धर्माची नव्हती. आमच्या खिशातल्या तेलाचा तेथे उपयोग नव्हता, असे आम्ही स्वतःला सांगितले. त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवायला तेल लागत नाही, हे सुचले नाही. दीडच्या सुमारास तिला अतिदक्षता विभागात हलवले. तिसऱ्या दिवशी आम्ही चौकशी केली तेव्हा समजले, की त्याच पहाटे ती गेली.

डॉक्टर म्हणाले, झटका फार मोठा होता, वीस मिनिटे आधी कळले असते तरी ती वाचली असती असे सांगता येत नाही. हे वाक्य आम्ही अनेकदा मनात घोळवले आहे. ते खरेच असेल. पण ते आमच्या सुटकेसाठी उच्चारलेले नव्हते, आणि आम्ही त्याचा तसा उपयोग करू पाहतो, हे लक्षात आल्यावर आम्हांला स्वतःची लाज वाटली. पापनिवेदनात आम्ही हे एका वयोवृद्ध धर्मगुरूंना सांगितले. ते म्हणाले, "तुमचा हेतू चांगला होता." सेमिनरीत आम्हांला शिकवले होते, की कृतीची नैतिकता तीन गोष्टींवर ठरते: कृती स्वतः, हेतू आणि परिस्थिती, आणि चांगल्या हेतूने चुकीची कृती बरोबर होत नाही. हेतू चांगला होता हे आम्ही मान्य करतो. एका दुखणाऱ्या माणसाचे दुखणे लवकर थांबावे हाच तो होता. परंतु कृती काय होती? दुसऱ्या कोणाची तरी पाळी उचलून आपल्या माणसाच्या पदरात टाकणे. त्या दुसऱ्याचे नाव आम्हांला ठाऊक नव्हते, इतकेच.

ह्यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. आपल्या माणसासाठी धावणे हा दोष आहे काय? आईने आधी स्वतःच्या मुलाकडे पाहावे, मेंढपाळाने आपल्या कळपाकडे, हा तर निसर्गाचाच क्रम आहे. संत थॉमस अक्विनास ह्यांनी प्रीतीलाही क्रम असतो असे मानले आहे आणि त्यात जवळच्यांना अग्रस्थान दिले आहे. पण 'सुमा थिऑलॉजिया'च्या दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धात, एकतिसाव्या प्रश्नात, परोपकाराचा विचार करताना त्यांनीच ह्या क्रमाला एक अपवाद जोडून ठेवला आहे: परका माणूस पराकोटीच्या गरजेत असेल आणि स्वतःचा पिता तशा गरजेत नसेल, तर आधी परक्याच्या मदतीला जावे. सेमिनरीत हे आम्ही वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. तेराव्या शतकातल्या त्या मठवासीयाने जे सूत्र मांडले, तेच ती तरुण सिस्टर ढकलगाडी ओढत आचरीत होती. आणि त्या सूत्रात पदवी घेतलेले आम्ही पडवीत फोन लावत होतो.

कायद्याचे ह्या बाबतीत काय म्हणणे आहे, तेही थोडक्यात सांगून ठेवतो. परमानंद कटारा ह्यांच्या याचिकेवर १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की पोलिसी सोपस्कारांची वाट न पाहता जखमीवर तत्काळ उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले. त्या प्रकरणी १९९६ च्या निकालात न्यायालयाने ते घटनेतील जीविताच्या हक्काचे उल्लंघन ठरवून पंचवीस हजार रुपयांची भरपाई देवविली. रस्त्यावरील जखमीला मदत करणाऱ्यास त्रास होऊ नये म्हणून २०१९ साली मोटार वाहन कायद्यात जे कलम घातले गेले, त्यात तर मदत करणाऱ्यास 'गुड समॅरिटन' हेच नाव दिले आहे. आमच्या शोमरोन्याला भारताच्या कायद्यात जागा मिळाली, ह्याचा आम्हांस आनंद आहे. पण कायदा दार उघडतो. दारातून एकदम अकरा जण आत आले, तर त्यांचा क्रम लावायला तो येत नाही. ते काम रात्रपाळीच्या सिस्टरवर सोडलेले आहे, आणि तिच्या टेबलावर फोनही आहे.

मग दुसऱ्या जखमीचे काय? निवड योग्य रीतीने झाली, कोणी ओळख लावली नाही, तरी तो वाटेवर उरतोच. पुष्कळ नीतिवेत्ते येथे थांबतात. निर्णय बरोबर म्हणजे हिशेब मिटला, असे त्यांचे मत असते. आमचे तसे नाही. बरोबर निर्णयानंतरही देणे शिल्लक राहते. बोट कापलेला माणूस चार तास बाकावर बसला हे योग्यच झाले असेल, पण त्याचे चार तास गेले, दुखणे त्याने सोसले, आणि ते दुसऱ्याच्या जिवासाठी सोसले. कोणी त्याची परवानगी घेतली नव्हती. त्याला काय देणे लागतो?

परिचारिकांच्या कामाची रीत पाहिली तर तिच्यात ह्याचे उत्तर सापडते. १९९० च्या दशकात इंग्लंडमधील मँचेस्टर येथे तयार झालेल्या आणि पुढे अनेक देशांनी स्वीकारलेल्या पद्धतीत रुग्णांना पाच रंग दिले जातात: लाल म्हणजे तत्काळ, नारिंगी दहा मिनिटांत, पिवळा साठ, हिरवा एकशेवीस आणि निळा दोनशेचाळीस मिनिटांत. आपल्याकडे बहुधा लाल, पिवळा, हिरवा एवढेच रंग वापरतात. महत्त्वाची गोष्ट अशी की हा रंग शिक्का नव्हे. बाकावरचा हिरवा माणूस अर्ध्या तासात पिवळा होऊ शकतो, लालही. म्हणून सिस्टरने परत फिरून यायचे असते, पुन्हा नाडी पाहायची असते, पुन्हा विचारायचे असते. ज्या कॅज्युअल्टीत हे परत येणे होत नाही, तेथे निवड ही टाकून देणे होते. आमच्या वाचकांस आठवत असेल, की दृष्टांतातील शोमरोनीही उतारशाळेच्या मालकाला परत येण्याचा शब्द देऊन जातो. सत्तावीस वर्षे हा तपशील आमच्या प्रवचनांत शेवटी, घाईत, दिनारांच्या हिशेबाबरोबर येत असे.

ह्याच संदर्भात मार्कच्या शुभवर्तमानातील याईराची कथा आम्हांला फार छळते. याईराची लहान मुलगी मरणाच्या दारी आहे. प्रभू येशू तिच्याकडे निघाला आहे. आणि वाटेत बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली एक स्त्री त्याच्या वस्त्राला शिवते. तो थांबतो, कोण शिवले म्हणून विचारतो, तिचे सारे ऐकून घेतो. तेवढ्यात निरोप येतो की मुलगी मेली. कोणतीही सिस्टर म्हणेल, बारा वर्षांचे दुखणे आणखी एक तास थांबले असते. हा क्रम चुकला. आम्ही हे त्या बाईंना बोलून दाखवले, तेव्हा त्या हसल्या. "त्याला मुलीला उठवता येत होतं, फादर. आम्हांला येत नाही." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण त्या बाईशी तो बोलला ते बरं केलं. बोलायला एक मिनिट लागतं. तेवढं आम्हीही करू शकतो. रोज नाही जमत."

रोज जमत नाही, ह्याचा दोष आम्ही त्यांना देणार नाही. अध्यापन रुग्णालयांच्या सर्वसाधारण कक्षांत तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. एका रात्री एका सिस्टरच्या वाट्याला किती जण येतात हे कोणीही कोणत्याही कक्षात उभे राहून मोजून पाहावे. एकीकडे माणसे कमी नेमायची आणि दुसरीकडे सिस्टर तुसडेपणाने बोलते म्हणून तक्रार करायची, हा दुटप्पीपणा आहे, आणि तो आपण सारेच करतो.

मोठ्या आपत्तीत मात्र हा क्रमच फिरतो, आणि तेथे आमची मती कुंठित होते. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसे गेली, शेकडो जखमी झाली. त्या गाड्या आमच्याच बाजूला येणाऱ्या होत्या; वसई-विरारच्या घराघरांत त्या रात्री वाट पाहणे होते. जखमी एकाच वेळी शेकड्यांनी येतात, तेव्हा जो सर्वांत गंभीर तो प्रथम, हा नियम पाळता येत नाही. जो वाचू शकेल तो प्रथम, असा तो बदलतो. ज्याचा श्वास जवळजवळ थांबला आहे, ज्याच्यावर चार जणांचे हात तासभर गुंतून पडतील, त्याला काळी चिठ्ठी लावून बाजूला ठेवतात. शास्त्र म्हणून हे योग्य आहे, हे आम्हांला पटते. काळी चिठ्ठी त्या माणसाचे मोल सांगत नाही. आपल्या हातांची संख्या सांगते. तरीही बाजूला ठेवलेला तो श्वास घेत असतो. त्याच्याजवळ कोण बसणार?

सोळाव्या शतकात रोममध्ये संत कामिल्लुस दे लेल्लिस ह्यांनी रुग्णसेवकांचा संघ काढला. त्यांच्या झग्यावरील लाल क्रुसाला १५८६ साली पोप सिक्स्टस पाचवे ह्यांनी मान्यता दिली. मरणाऱ्यांची सोबत करणारे म्हणून लोक ह्या सेवकांना ओळखत. आज परिचारिका त्यांना आपला आश्रयदाता संत मानतात. पण आमची समजूत अशी, की त्या क्रुसाने धर्मगुरूंना त्यांची जागाही दाखवून दिली आहे. लाल चिठ्ठीच्या माणसाजवळ सिस्टर हवी, डॉक्टर हवा. काळ्या चिठ्ठीजवळ आणि हिरव्या बाकावर आमच्यासारख्यांनी असायला हवे होते. आम्ही टेबलाशी होतो, जिथे आमची गरज नव्हती.

त्या रात्रीचे थोडे सांगायचे राहिले. आमच्या वृद्धांना वरच्या कक्षात खाट मिळेपर्यंत पहाटेचे चार वाजले. तोवर आम्ही कॅज्युअल्टीतच बसून होतो. म्हातारीला वर नेल्यावर सिस्टरने हात धुतले, पाणी प्यायली आणि पुन्हा फिरू लागली. प्रथम ती आमच्या वृद्धांकडे आली. शस्त्रक्रिया व्हायची म्हणून त्यांना तोंडाने काही देता येत नव्हते; तिने कापसाचा बोळा ओला करून त्यांच्या ओठांवरून फिरवला, पायाची बोटे चाचपली, "बाबा, मुंग्या येतात का?" असे विचारले. आमच्याकडे तिने पाहिले नाही, अथवा पाहिले असेल तर आम्हांला तसे जाणवू दिले नाही. मग ती बाकाकडे गेली. हाताला फडके गुंडाळून रात्री नऊपासून बसलेला एक मजूर तेथे होता. त्याचे फडके सोडून तिने जखम पाहिली, नवी पट्टी बांधली आणि म्हणाली, "तुम्हांला विसरले नाही हं. टाके घालायला डॉक्टर येतील." तो म्हणाला, "असू द्या सिस्टर, बघतोय मी."

त्यानंतर ती जिन्याकडे वळली. म्हातारीचा नातू तिसऱ्या पायरीवर बसला होता, केसपेपर अजून हातात. तिने तो त्याच्या हातातून हलकेच घेतला, सरळ केला आणि विचारले, "घरी कोणाला कळवलंस का?" त्याने मान हलवली. फोन नव्हता. तिने स्वतःचा फोन काढून त्याच्या हातात दिला आणि तो नंबर आठवीपर्यंत त्याच्या शेजारी उभी राहिली.